टेपाच्या वाडीचे त्रेचाळीस अंगठे

पनवेल, ९ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वीस,

आशीर्वाद द्यायची इच्छा नाही, पण तुझी आई माझी सख्खी बहीण आहे, म्हणून अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. बावीस पानांचं प्रेझेंटेशन, चकचकीत कागद, चारी बाजूंनी रंग. टेपाच्या वाडीच्या दफनाच्या टेकडीवरच्या हक्काच्या दाव्यासाठी तुमच्या पुण्याच्या संस्थेनं बनवलेलं! मी दुकानात सगळ्यांसमोर उघडलं ही चूक झाली. दोन गिऱ्हाइकं हसत गेली.

पहिल्या पानावर सूर्य उगवतोय. कशाला? दुसऱ्या पानावर डोक्यावर हंडा घेतलेली बाई, आरशांचा घागरा, कोपरापर्यंत बांगड्या. अगं, कर्नाळ्याच्या पलीकडची कातकरीण आहे की राजस्थानातल्या हॉटेलची जाहिरात? वाडीतल्या भीमाबाईला दाखवलं. ती म्हणाली, "ही कोन? हिला बी टेप पायजे का?" सातव्या पानावर गोल चकती कापून रंगवलीय, बेचाळीस टक्के हे, एकतीस टक्के ते. वाडीत घरं चोवीस. टक्के कसले काढतेस?

आणि भाषा. मी भीमाबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवून दिलं होतं: "आमची मानसं त्या टेपावर पुरलीत. त्यांच्यावरून कुनाला कुंपन घालू देनार नाय." तुझ्या त्या लिहिणाऱ्या यंत्रानं त्याचं काय केलं? "स्थानिक समुदायाचे या परिसराशी सखोल भावनिक नाते असून शाश्वत सहजीवनाचा हा प्रवास आहे." कसला प्रवास? मेलेली माणसं कुठं चाललीत?

हे वाचून टेपाच्या उतारावर डोळा असलेले फार्महाऊसवाले पोट धरून हसतील. सात जानेवारीला समितीपुढे सुनावणी आहे. दावा फेटाळला तर आठवड्याभरात त्या उतारावर तारेचं कुंपण पडेल आणि वाडीला आपल्याच माणसांच्या दगडांवर फूल ठेवायला वॉचमनची परवानगी काढावी लागेल. तेवढं डोक्यात ठेव आणि मग रंग खेळ.

भाऊबीजेला तुझ्या आईबरोबर आलीस तेव्हा ग्रामसभेचा मूळ कागद तुझ्या हातात दिला, तो संस्था फाईल सांभाळते म्हणून. तो नीट लावलास ना?

उत्तर कागदावर पाठव. मी मोबाईलवर भांडत नाही.

दिनानाथमामा

*

पुणे, १५ नोव्हेंबर

ती. मामांस,

नमस्कार. बसल्या जागेवरून.

घागऱ्याची बाई चुकली, मान्य. फुकटच्या फोटोंत "आदिवासी" टाकलं की तीच येते. काढते. पण बाकीचं मला ऐकवू नका. समितीतल्या माणसांसमोर एका दिवसात पन्नास दावे येतात. त्यांना नकाशा, फोटो आणि तीन ओळी दिल्या तर ते बघतात. तुमच्यासारखा चौदा पानी अर्ज, प्रत्येक वाक्यात "सबब" आणि "उपरोक्त", कुणी वाचत नाही. बघितल्यासारखं करतात आणि खाली ठेवतात.

आणि डिझाइनवर तुम्ही बोलावं? एका लग्नपत्रिकेत सात प्रकारची अक्षरं, नवरा-नवरीच्या मध्ये बदाम, कोपऱ्यात मोर, वर पुन्हा चमकी! तुमच्या मशीनवरचे ते जुने फॉन्ट दुसरीकडे उघडले की नुसती चिन्हं दिसतात. निम्म्या पनवेलचे अर्ज तुमच्या कॉम्प्युटरवर आहेत आणि तुमच्याशिवाय कुणालाच ते उघडत नाहीत. तुम्हाला तेच आवडतं, मामा. लोकांनी पुन्हा तुमच्याच पायऱ्या चढाव्यात.

मी जी साधनं वापरते ती वाडीतल्या पोरीसुद्धा उद्या फोनवर वापरतील. तुमची माणसाला दारात उभं करतात.

मूळ कागदाची काळजी नको. स्कॅन करून फाईलला जोडून ऑनलाइन भरलासुद्धा. किती मळला होता तो! कडेनं सगळीकडे तपकिरी डाग, कुणीतरी चहाचे हात पुसल्यासारखे. ॲपमध्ये एक बटण दाबलं, कागद दुधासारखा पांढरा झाला. नकाशा आणि ठराव आता लखलखीत दिसतोय. प्रिंट सोबत जोडली आहे. एवढ्यावर तरी शाबासकी द्या.

पूर्वी

*

पनवेल, १९ नोव्हेंबर

पूर्वी,

डोक्यावर पडली आहेस का?

ते चहाचे हात नाहीत. ते अंगठे आहेत. वाडीचे त्रेचाळीस अंगठे!

आठ ऑक्टोबरला शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा झाली. वाडीत मोठी माणसं अठ्ठावन्न, त्यातली त्रेचाळीस आली होती. ग्रामसेवकानं निळ्या शाईचं पॅड पुढे केलं. भीमाबाईनं ते बाजूला सारलं. म्हणाली, "या निळ्या शाईनं आमचं नुस्तं गेलंच हाय. शाई बाजारची. आमी काथ लावनार." या लोकांच्या आज्या-पणज्या खैराचा काथ पाडायच्या. आता खैर तोडायला बंदी, तर पनवेलच्या पानवाल्याकडून काथाचा खडा आणला, वाटीत भिजवला, आणि एकेकानं नकाशाच्या कडेनं अंगठा उठवला. ज्याचं माणूस जिथं पुरलंय त्या बाजूला. गोरखनं तर तिथं आधी हात ठेवला, मग अंगठा. आणि तू ते एका बटणानं साबण लावून धुतलंस.

आता तुझ्या फाईलमध्ये काय आहे? एक कोरा, गोरापान ठराव, ज्याच्याखाली कुणाचाच अंगठा नाही. फार्महाऊसवाल्यांच्या वकिलानं लगेच हरकत घेतली: ठराव बनावट, एकही सही-अंगठा नाही. समितीची नोटीस काल वाडीला आली. सुनावणीला पुरावा दाखवा, नाहीतर दावा निकाली.

काय दिवे लावलेस! पाच वर्षं शिकलीस, आणि माणसाचा अंगठा ओळखता आला नाही. आणि त्याला लखलखीत म्हणतेस?

मूळ कागद लगेच पाठव. स्वतः घेऊन ये.

दिनानाथ

*

पुणे, २४ नोव्हेंबर

ती. मामा,

हे पत्र हातानं लिहितेय. अक्षर वाईट आहे.

कागद नाही. आमचं ऑफिस पेपरलेस आहे. स्कॅन झालेले कागद एका खोक्यात जातात आणि महिनाअखेरीला ते खोकं लगदा करायला जातं. ऑक्टोबरचं खोकं एकतीसला गेलं. मी कारखान्यात जाऊन आले. त्यांनी मला लगद्याचे गठ्ठे दाखवले, राखाडी रंगाचे.

मी तो कागद हातात धरला होता, मामा. डाग सगळे सारख्या मापाचे होते. एकदासुद्धा मनात आलं नाही की असं का. मळका आहे, साफ करू, एवढंच आलं. ॲपला दोष देत नाही. त्याला डाग काढायला मीच सांगितलं.

तुम्ही इतकी वर्षं अर्जांचं काम करता. तुमच्याकडे या कागदाची एखादी झेरॉक्स असेल ना? कशीही असली तरी चालेल. पाया पडते.

पूर्वी

*

पनवेल, २९ नोव्हेंबर

पूर्वी,

झेरॉक्स विचारतेस! म्हणजे आपण मूळ कागदाचा लगदा करायचा आणि मामानं त्याची पिल्लं सांभाळून ठेवायची. आयतं मिळत गेलं म्हणूनच ही वेळ आली. मूळ कागद ज्याच्या हातात दिला त्यानं झालेला घोळ निस्तरायचा असतो.

मी समितीच्या कारकुनाला विचारलं. ज्यांनी ग्रामसभेत अंगठा दिला त्यांनी "होय, मी दिला होता" असं नव्या कागदावर पुन्हा अंगठ्यानिशी सांगितलं तर विचार होईल. निम्म्याहून जास्त लागतील. अठ्ठावन्नांचे निम्मे किती ते तुझ्या चकतीला विचार. तीस माणसं.

आता गंमत ऐक. वाडीला कुलूप आहे. दिवाळी झाली की सगळे वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाच्या तोंडावर येतात. कोण पेणच्या बाजूला, कोण कर्जतकडे, चार घरं कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. तर ये. सूर्य घेऊन ये, चकती घेऊन ये, आणि भट्टी-भट्टी फिर. जरा पाय झिजले की कागद म्हणजे काय ते कळेल.

भीमाबाई, तिचा मुलगा शुक्रा आणि सून चिंधी पेणच्या भट्टीवर आहेत. आधी तिला तोंड दाखव. धीर असला तर.

दिनानाथ

*

पेणजवळ, २२ डिसेंबर

मामा,

सोळा दिवस झाले. एकोणीस अंगठे.

भीमाबाईंना सांगितलं तेव्हा त्या विटा मांडत होत्या. ऐकून घेतलं. विचारलं, "पुसलास? आमाला न इचारता?" मी हो म्हटलं. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याकडे पाठ करून विटा मांडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच वाटी घेऊन आल्या. अंगात ताप होता. म्हणाल्या, "पयला घे म्हातारीचा. बाकीचे बगून देतील."

कोण कुठल्या भट्टीवर आहे हे शुक्रा आणि चिंधीलाच माहीत. दोघं दोन दिवस काम सोडून माझ्याबरोबर कर्जतपर्यंत फिरले. परत आलो तर मुकादमानं त्यांच्या जागी दुसरं जोडपं लावलं होतं. झोपडंही दुसऱ्याला दिलं. चिंधीनं भांडी गोणीत भरली. मी मुकादमाला हात जोडले, तो मला ओळखही देईना. आता भीमाबाईंना घेऊन ते वाडीत परत गेलेत आणि दोघं रोज सकाळी करंजाड्याच्या नाक्यावर कामासाठी उभे राहतात. माझ्यामुळे.

ग्रामसेवकाची बदली झालीय, फोन लागत नाही. कर्नाटकातल्या घरांना निरोप गेलाय, पण मुकादम सोडत नाही. भट्ट्यांची यादी आणि नकाशा फोनवर केलाय, त्यामुळे दोन फेऱ्या वाचल्या. हे तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते.

काही सुचत असेल तर कळवा. तुमचा राग माझ्यावर आहे ना, तो सुनावणीनंतर काढा. आत्ता वाडीकडे बघा.

पूर्वी

*

पनवेल, ८ जानेवारी २०२६

चि. पूर्वीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

काल तू सुनावणी संपल्या संपल्या निघून गेलीस. चहालासुद्धा थांबली नाहीस. एवढा आनंदाचा दिवस! गर्दीत तुला सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

तू सव्वीस अंगठ्यांचा कागद पुढे ठेवलास. लॅपटॉप उघडलाच नाहीस, तेवढी तरी सुधारलीस. साहेब म्हणाले, चार कमी. वकील गालात हसला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, निकाल लिहायला. भीमाबाई खाली फरशीवर बसली होती, तिनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात मी उठलो. "साहेब, एक मिनिट."

पिशवीतून फोल्डर काढलं. आठ ऑक्टोबरची रंगीत झेरॉक्स, त्याच दिवशी ग्रामसेवकानं सही-शिक्का मारून साक्षांकित केलेली. त्रेचाळीस अंगठे, काथाच्या रंगासकट! वकिलाचं तोंड बघायला हवं होतंस. साहेबांनी स्वतः अंगठे मोजले. दावा मंजुरीला पुढे पाठवला, मोजणी होईपर्यंत कुंपण घालायचं नाही असा लेखी आदेश दिला.

आता तू विचारशील, मामा, आधी का नाही सांगितलं? अगं, सांगितलं असतं तर तू काय शिकली असतीस? पुन्हा महिन्याभरात कुणाचातरी कागद धुतला असतास. तीस वर्षं मी मूळ कागद हातातून सोडण्याआधी साक्षांकित प्रत काढतो. तुझ्या बावीस पानांना जे जमलं नाही ते माझ्या एका कागदानं केलं. एवढं कबूल कर, बाकी माझा राग गेला.

वाडीतल्या कुणी आभार मानले नाहीत. हार राहू दे, शुक्रानं नमस्कारसुद्धा केला नाही. या लोकांना केल्याची जाणीव नसते.

तुझा मामा

*

पुणे, १३ जानेवारी

मामा,

तुमचं एकोणतीस नोव्हेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मी झेरॉक्स मागितली होती. तुम्ही "नाही" असं कुठंच लिहिलेलं नाही. किती जपून लिहिलंत! इतकी वर्षं अर्ज लिहून हात बसलाय.

तुम्हाला मला शिकवायचं होतं. ठीक आहे. मी मूर्ख आहे, उर्मट आहे, शिकवायलाच हवं होतं. पण पेणहून मी तुम्हाला कळवलं होतं की शुक्रा-चिंधीचं काम गेलं. भीमाबाईंना ताप आहे. ते पत्र तुम्हाला मिळालं होतं. तेव्हाही फोल्डर दुकानातच होतं. तेव्हा तुम्ही कुणाला शिकवत होतात?

साहेबांनी पेन उघडलं तोपर्यंत तुम्ही थांबलात. ते अर्ध्या मिनिटात लिहून मोकळे झाले असते तर? पण सगळ्यांनी बघायला हवं होतं ना, दिनानाथ उठतो कसा.

माझ्याकडून झालं ते मठ्ठपणानं झालं. मी बघितलंच नाही. तुम्ही मात्र एकेक अंगठा ओळखत होतात, कोणाचा बाप कुठं पुरलाय ते तुम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून तो कागद पिशवीत घालून बसलात. मला तुमची किळस येते. हे वाक्य कुठल्याही यंत्रानं लिहिलेलं नाही.

केल्याची जाणीव नसते म्हणता? त्यांना पुरेपूर आहे.

पूर्वी

*

पनवेल, २ फेब्रुवारी

चि. पूर्वीस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

गेल्या रविवारी फोल्डर घेऊन वाडीवर गेलो. म्हटलं, त्यांचा कागद त्यांच्याकडे असू दे. भीमाबाई दारात उन्हाला बसली होती. बसायला कुणी सांगितलं नाही, मी उभाच राहिलो. चिंधीनं फोल्डर घेतलं, कागद काढून ओट्यावर ठेवला आणि आधी फोनवर फोटो काढला. म्हणाली, "पूर्वीताईनं शिकवलंय. कागद आला का फोटो, रंगीत. काय बी पुसायचं नाय." मग तो तिनं आणखी पाच जणांना पाठवला. माझ्यासमोर. मी आयुष्यभर एकेका प्रतीसाठी लोकांना रांगेत उभं केलं, आणि ते काम दोन मिनिटांत झालं.

मी निघालो तर भीमाबाईनं हाक मारली. रागानं नाही. साध्या आवाजात विचारलं, "दिनाभाऊ, तुज्याकडं आमचं आजून काय काय हाय?"

मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बरं." आणि शुक्राकडे बघितलं.

सोमवारी शुक्रा आणि गोरख दुकानात आले. मी स्वतः कपाटं उघडून दिली. अर्ज, दाखले, जुन्या पावत्या, सगळे गठ्ठे सोडून दाखवले. दोघांनाही वाचता येत नाही. एकेक कागद उन्हाकडे धरून बघत होते. कॉम्प्युटर चालू केला. त्यात काय आहे ते त्यांना काय कळणार, आणि मी सांगितलेलं ते कसं मानणार? तासाभरानं गेले. गुरुवारी पुन्हा आले. आता वाडीतली माणसं स्टेशनकडच्या दुसऱ्या दुकानात जातात. माझ्या दुकानासमोरून जाताना मान वळवून आत बघतात.

पूर्वी, माझ्याकडे त्यांचा एकही कागद नाही. देवाशपथ सांगतो. भीमाबाई तुझं ऐकते. एकदा येऊन तिला एवढं सांग, की मामाकडे आता काही नाही. मी त्यांच्या तीन पिढ्यांचे अर्ज लिहिले गं.

दिनानाथ

*

पुणे, ६ फेब्रुवारी

मामा,

सांगितलं असतं. पण तुमच्याकडे आता काही नाही, हे मला तरी कुठं माहीत आहे?

पूर्वी